जांभळी पिशवी आणि पेंट शॉपचा गूळ

मी लघवीच्या पिशवीबद्दल लिहिणार आहे. जेवता जेवता वाचायची सवय असलेल्यांनी आधी ताट बाजूला ठेवावं, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नयेत.

आमच्या घरात मधले काही महिने सगळ्यात मानाची वस्तू तीच होती. येणारा प्रत्येक पाहुणा आमच्या ह्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी पलंगाच्या कडेला लटकलेल्या त्या पिशवीकडे बघायचा आणि मग तब्येत बरी दिसते म्हणायचा. हे पडले होते. कुठे, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये. जी स्कूटर त्यांनी कित्येक वर्षं चालवलेली नाही, ती धुताना पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, रॉड टाकला. सगळं मार्गी लागतंय असं वाटत असताना प्रोस्टेटनं डोकं वर काढलं आणि लघवी अडली. मग नळी घातली. जरा चालायला लागले की काढून बघू, तोवर असू दे, असं सांगून हॉस्पिटलनं आम्हाला घरी पाठवलं. घर म्हणजे मुलाचा चऱ्होलीतला फ्लॅट. मुलगा तळवड्याला आयटीत, सून चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, तिची बस सकाळी उजाडतानाच गेटवर येते. राहता राहिले मी आणि माझे दोन गुडघे.

मुलगा वाईट नाही. आपल्या मुलाबद्दल एवढंच म्हणावं, जास्त म्हटलं की तो बिघडतो. त्यानं देहूच्या बाजूला एक केंद्र बघून ठेवलं होतं. तिथं नर्सेस असतात, फिजिओथेरपीवाला असतो, खिडकीतून नारळाची झाडं दिसतात. दोन-तीन महिने बाबांना तिथं ठेवू, उभे राहिले की घरी आणू, असं तो फार समजूतदारपणे सांगत होता. समजूतदार माणसाशी भांडता येत नाही, हा त्यातला वैताग. हे त्याच्यासमोर एक शब्द बोलले नाहीत. तो गेल्यावर पंख्याकडे बघत म्हणाले, "मला तिथं टाकू नका."

एवढ्या संसारात या माणसानं माझ्यापाशी काही मागितलं असेल तर आधी माझी चूक काढून मग मागितलं आहे. चहा हवा असला तरी "काल चहा पाणचट होता" इथून सुरुवात. हे पहिलं मागणं असं, ज्याला पुढे-मागे काही जोडलेलं नव्हतं. मी मुलाला म्हटलं, महिनाअखेरपर्यंत थांब. मला झेपलं नाही तर तुझं तू कर. तो बरं म्हणाला. म्हणजे या वयात मी प्रोबेशनवर.

आणि एका सकाळी पिशवी जांभळी झाली.

जांभळी म्हणजे उगीच झाक नव्हे. पैठणीचा वांगी रंग असतो ना, काठाला शोभणारा, तो. नळीसुद्धा तशीच, वरपासून खालपर्यंत. मी चष्मा पुसून परत बघितलं. आदल्या दिवशी बीटाची कोशिंबीर केली होती, पण बीटाचा रंग लाल. मग्यात पिशवी रिकामी केली तर आतली लघवी नेहमीसारखीच, जरा गडद पिवळी. रंग काय तो पिशवीच्या प्लास्टिकला. हे तर आणखीच बुचकळ्यात टाकणारं. हात धुतले, ओट्यापाशी उभी राहिले आणि शांतपणे विचार केला. माझा शांतपणे केलेला विचार असा की हे मुलाला कळता कामा नये. त्यानं ही पिशवी पाहिली की माझं प्रोबेशन संपलं.

साडीच्या दुकानातून मिळालेली एक कापडी थैली होती. तिला खालून भोक पाडलं, वर नाडी घातली आणि लघवीच्या पिशवीला अंगरखा शिवला; नळी लुंगीच्या आत दडवली. मुलाला सांगितलं, येणारे-जाणारे बघतात, बाबांना लाज वाटते. त्याचे डोळे भरून आले. इतका सहज फसणारा मुलगा कंपनीत टीम कशी सांभाळतो कोण जाणे. ह्यांना ताप नव्हता, दुखत नव्हतं, त्यामुळे मी स्वतःलाही तसंच सहज फसवलं.

पण आमच्या ह्यांचा एक मित्र आहे, त्याला फसवणं शक्य नाही, कारण तो प्रत्येक वस्तूचं झाकण उघडून बघतो. मूळचा चऱ्होलीचाच. वडिलोपार्जित शेतावर आता टॉवर उभे आहेत, तरी त्यानं आमच्या ह्यांच्या बरोबरीनं सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीतल्या पेंट शॉपमध्ये, म्हणजे रंगाच्या खात्यात, काढली. एकाच लाईनवर, एकाच शिफ्टला. दिवसाआड येतो, पलंगाशी खुर्ची ओढतो, माझे शेंगदाण्याचे लाडू संपवतो. आला, बसला, आणि बोलता बोलता थैलीची नाडी सोडली. बराच वेळ बघितलं. मग मला हाक मारली.

"वहिनी, ह्यो रंग कंपनीचा हाय."

मी काही बोलायच्या आत त्यानं सगळं उलगडून सांगितलं. तीस वर्षं गन हातात धरून फवारा मारला, तो काय सगळा गाडीवरच बसला? निम्मा नाकातोंडात गेला. इतकी वर्षं अंगात दबा धरून होता. आता ऑपरेशनला सुई दिली, अंग ढिलं पडलं, आणि तो वाट काढतोय. चांगलंच हाय. निगू द्या. फक्त त्याला बाहेर ढकलायला पायजे. अन् ते कशानं, ते काय तुमाला मी सांगावं?

नाही सांगावं. मला माहीत होतं. गूळ आणि दूध.

ज्यांच्या घरात पेंट शॉपवाला नव्हता त्यांना हे सांगावं लागेल. त्या काळी रंगाच्या आणि धुळीच्या खात्यातल्या कामगारांना कंपनी रोज गुळाचा खडा द्यायची, कुठे सोबत कपभर दूध. रंग पोटात राहत नाही, बाहेर पडतो, अशी सगळ्यांची खात्री. ज्या दिवशी गूळ आला नाही त्या दिवशी लाईन थांबलेली मी ऐकली आहे. तोंडाला मास्क नाही म्हणून मात्र लाईन कधी थांबली नाही.

आणि या समजुतीची चऱ्होलीपासून चिंचवडपर्यंतची सगळ्यात मोठी प्रचारक कोण होती, तर मी. सोलापूरकडून लग्न होऊन नुकतीच आले होते. मॅट्रिक पास. चाळीत बाकीच्या बायका चौथी-पाचवीच्या, म्हणून ही बया स्वतःला प्रोफेसर समजायची. दुपारी नळाला पाणी यायच्या वेळी कळशा लागल्या की हिचं व्याख्यान सुरू. दूध पोटात जातं, रंगाला धरून ठेवतं आणि गूळ त्या दोघांना मिळून बाहेर ढकलतो. तुरटीनं गढूळ पाणी निवळतं ना, तसं. बायका माना डोलवायच्या. कंपनीचा गूळ कमी पडेल म्हणून ही घरी आणखी द्यायची, सकाळी एक खडा, रात्री एक. नवऱ्याचं पोट सुटलं, तर ही म्हणाली, बघा कशी तब्येत सुधारली. त्यांच्या हातरुमालावर लालसर डाग पडायचे, ते उजेडात धरून बघायची आणि खूश व्हायची, निघतोय रंग. नाक शिंकरल्यावर नाकातला रंग रुमालाला लागतो, त्यात गुळाचा काय संबंध, हे त्या प्रोफेसरणीला सुचलं नाही. तिला कुणीतरी आरसा दाखवायला हवा होता. पण खोलीत आरसा होता तो ह्यांच्या दाढीचा, तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकच गाल दिसायचा.

मला वाटत होतं ती बया कधीच गेली. कुठली जाते. मित्राचं तोंड बंद व्हायच्या आत मी दूध तापायला ठेवलं होतं.

सकाळी पेलाभर, दुपारी पेलाभर, दिवेलागणीला पेलाभर, प्रत्येकात गूळ. वर शेंगदाण्याचा लाडू, कारण ताकद हवी. दोन दिवसांत पिशवी आणखी गडद झाली. आता कुणाही शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मित्र आला, त्यानं थैली खाली सरकवली आणि मांडीवर थाप मारली. बगा वहिनी, निगतोय. जेवढा गडद तेवढं अंग मोकळं. मलाही ते पटलं. म्हणजे रंग फिका झाला असता तर गुळानं गुण दिला, आणि गडद झाला तरी गुळानंच गुण दिला. अशा औषधाला हरवणार कोण?

विरोध एकट्या ह्यांचा. तोही भलत्याच कारणासाठी.

"हा शेड आपल्या लाईनवर कधीच नव्हता," हे म्हणाले.

पडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जोर आला होता. पांढरा होता, लाल होता, सिल्व्हर होता, मध्ये एकदा परदेशी पाठवायच्या मालासाठी निळा आला होता. जांभळा कधी आला, सांग. मित्र म्हणाला, आरं, लाल अन् निळा मिसळला असंल. झालं. हे भडकले, माझ्या लाईनवर मिसळला? शेड बदलताना मी पाइप धुऊन घेत नव्हतो? एका रंगात दुसऱ्याचा थेंब गेल्याचं एक तरी उदाहरण दाखव. दोघं असे भांडले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन करून सगळं ठीक आहे ना विचारलं. आपल्या अंगातून जांभळा रंग येतोय याची काळजी नाही, तो आपल्या देखरेखीखाली मिसळला असं कुणी म्हणू नये याची काळजी.

त्या भांडणात मी हसले, पण एक गोष्ट माझ्या नजरेसमोर असून मी बघितली नाही. ह्यांचं जेवण घटत होतं. अर्धी भाकरी, मग चतकोर. पोट नगाऱ्यासारखं ताठ. तिसऱ्या दुधाला तोंड फिरवायला लागले तर मी लहान मुलाला दटावावं तसं दटावलं. रोज सकाळी मी विचारायचे, पोट साफ झालं का. हे रोज म्हणायचे, झालं. मुलगाच त्यांना वॉकर देऊन संडासापर्यंत न्यायचा, फ्लशचा आवाज यायचा, हे बाहेर यायचे. पाण्याचा ग्लास भरून ठेवला की रिकामा सापडायचा. सगळं चोख. फक्त पलंगाशेजारच्या खिडकीतलं मनीप्लांट पिवळं पडत होतं, तर मी ते उन्हावर ढकललं.

बातमी फुटली ती लिफ्टपाशी. मुलगा संध्याकाळी तळवड्याहून आला, मित्र खाली निघाला होता. त्यानं माझ्या मुलाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बाबांचा रंग निगायला लागलाय, आता काळजी न्हाई. मुलगा वर आला तो बूट न काढता सरळ आत गेला आणि त्यानं नाडी ओढली.

तो ओरडला असता तर मीही ओरडले असते. तो स्टुलावर बसला.

"आई, हे कधीपासून?"

मी सांगितलं. गुळाचंही सांगितलं, आता लपवून काय करायचं. त्यानं कपाळ दोन्ही हातांत धरलं. म्हणाला, उद्या मी सुट्टी घेतो, डॉक्टरांकडे जाऊ. आणि येताना त्या केंद्रातही जाऊन येऊ. इथं हे जमणार नाही, आई. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सून दारात उभी होती, ती एवढंच म्हणाली की मला तरी सांगायचं होतं. ते मला मुलाच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. तिनं सांगितलंच असतं मुलाला, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी मोशीच्या चौकात कंटेनरच्या मागे आमची गाडी इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं ह्यांचा प्रोस्टेट आपोआप बरा होईल. पुढच्या सीटवर हे, मांडीवर अंगरखा घातलेली पिशवी.

डॉक्टर बाई तरुण होत्या. मी थैली काढली आणि त्या घाबरतील म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा खुलला. आधी ताप बघितला, बीपी बघितलं, आणि मग दार उघडून बाहेरच्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. चौघं-पाचजण आले आणि गणपती बघायला आल्यासारखे पिशवीभोवती उभे राहिले. एकानं फोटो काढायची परवानगी मागितली. हे म्हणाले काढा. आम्ही रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही आणि ह्यांचं इथं प्रदर्शन.

मी पेंटचं सांगितलं. गुळाचं सांगितलं. एका पोरानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"आजी, रंग कंपनीचा नाही. घरीच तयार झालाय," डॉक्टर बाई म्हणाल्या.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांच्या भाषेत मी मधेच हरवले होते. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी यांत प्रथिनं असतात आणि प्रथिनं म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांची माळ. त्यातल्या एका तुकड्याचं नाव ट्रिप्टोफॅन. मला ते पंख्याच्या कंपनीचं वाटलं. हा तुकडा शरीराला स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच यावा लागतो. आला की शरीर त्यातून मांस भरतं, थोड्याचं जीवनसत्त्व करतं, थोड्यापासून झोप आणि मन ठिकाणावर ठेवणारी द्रव्यं बनवतं. उरलेला माल मोठ्या आतड्यात जातो. तिथं जंतूंची वस्ती असते, आपलीच, जन्मभराची. ते त्या उरलेल्या मालातून इंडोल नावाचा पदार्थ काढतात.

इथून पुढचं मला चटकन कळलं, कारण आमच्या या पट्ट्यात कुठलीच वस्तू एका छपराखाली तयार होत नाही. चाकणला गाडी बनते म्हणतात, पण तिची पट्टी तळवड्यात कापतात, भोसरीत वाकवतात, तिसरीकडे भोकं पाडतात आणि चौथीकडे रंग देतात. प्रत्येकजण आपल्या वाटणीचं एकच काम, जॉबवर्क, करतो आणि टेम्पो पुढे हाकतो. तसंच हे. आतड्यातल्या जंतूंनी माल काढला आणि रक्तात चढवला. तो लिव्हरला पोचला. लिव्हरनं त्याला गंधकाचं काहीतरी जोडून पाण्यात विरघळेल असा केला. मग किडनीनं गाळून लघवीत सोडला. इथवर त्याला रंगच नसतो. तुमच्या-माझ्या लघवीतूनही तो रोज जातो, कुणाला पत्ता लागत नाही. पण नळी बरेच दिवस आत राहिली की तिच्यात आणि पिशवीत वेगळे जंतू घर करतात. त्यातले काही हा माल फोडतात, आणि फोडलेल्या मालाला हवा लागली की त्यातून दोन रंग होतात. एक निळा, म्हणजे जीन्सच्या कापडाला लावतात ती नीळ. आणि दुसरा लाल. दोन्ही प्लास्टिकला चिकटतात, मिळून जांभळा दिसतो.

"म्हणजे मिसळला," ह्यांनी खोल आवाजात विचारलं.

मिसळला, आजोबा. ह्यांचा चेहरा असा पडला, जणू मोठ्या साहेबांनी लाईनवर येऊन चूक दाखवली.

मी विचारलं, मग मी घातलेलं दूध? त्या म्हणाल्या, दुधानं काही बिघडलं नाही, बेताचं द्या, डाळही द्या, हाड भरायला ती लागतेच. तुम्ही कच्चा माल जरा जास्त पाठवलात एवढंच. खरा प्रश्न तो माल आत तुंबून का राहतोय हा आहे. आतड्यात सगळं साचून राहिलं की जंतूंना भरपूर वेळ मिळतो. रंग स्वतः काही करत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. लघवीत जंतू आहेत ते तपासायला हवं. आणि आजोबा, पोट साफ होतं का?

"रोज," हे म्हणाले.

डॉक्टर बाईंनी पोटावर हात ठेवून दाबलं. ह्यांनी ओठ आवळले. त्यांनी हात तिथंच ठेवला. मुलगा म्हणाला की मीच रोज नेतो, फ्लशसुद्धा ऐकू येतो.

"नेतोस," हे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आणि दाराला फट ठेवून बाहेर उभा राहतोस."

"बाबा, तुम्ही पडाल म्हणून."

"घाईत असलास आणि सूनबाईला सुट्टी असली की तिला उभं करतोस. मी आत बसतो, मला तिचे पाय दिसतात. माझ्याच्यानं होत नाही. थोडा वेळ बसतो, फ्लश ओढतो आणि येतो."

खोलीतल्या त्या शिकाऊ पोरांना देवानं बुद्धी दिली आणि ती बाहेर गेली. डॉक्टर बाईंनी पाण्याचं विचारलं. हे म्हणाले पितो, आणि मला एकदम ते पिवळं पडलेलं मनीप्लांट दिसलं. पाण्यात बुडवून मारलं होतं बिचाऱ्याला. मी तसं म्हटल्यावर त्यांनी ते कबूल केलं. पाणी प्यायलं की पिशवी भरते, भरली की ही खाली बसते, हिचे गुडघे वाजतात ते मला ऐकू येतं.

माणसानं यावर हळवं व्हावं अशी अपेक्षा असते. मला असा संताप आला की सांगता सोय नाही. माझे गुडघे वाजतात म्हणून तुम्ही तहानलेले राहणार, आणि त्यापायी पोट तुंबणार, आणि त्यापायी मला इथं येऊन पोरांसमोर हसं करून घ्यावं लागणार. त्यापेक्षा कानात कापूस घालायचा होता. हे मी तिथंच बोलले. डॉक्टर बाई मध्ये पडल्या नाहीत, बहुतेक त्यांचंही लग्न झालेलं असावं.

बोलून झाल्यावर मला चाळीतली ती प्रोफेसरीण आठवली. कळशांपाशी व्याख्यानं देणारी. सगळ्या चाळीला मिळून चार संडास, समोर रांग, हातात टमरेल, आणि रांगेत कोण तर ज्यांना आपण दुपारी दूध-गुळाचं शास्त्र शिकवलं त्यांचेच नवरे. लग्नानंतर कितीतरी दिवस ही बया पोट धरून बसायची, जेवायची नाही, विचारलं तर उपास आहे म्हणायची. इतके उपास केले की शेजारणींना वाटलं सोलापूरकडच्या मुली फारच धार्मिक. ते आठवल्यावर मला ह्यांच्यावर आणखी ओरडता आलं नाही. याचाही मला रागच आला.

नळी आणि पिशवी बदलली. लघवी तपासायला गेली. पोटासाठी औषध दिलं, पाणी किती प्यायचं ते सांगितलं. निघताना मुलानं डॉक्टरांना केंद्राबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, घरी ठेवा किंवा तिकडे ठेवा, पण यांना आत एकट्यानं बसता येईल अशी सोय करा, नाहीतर पुढच्या महिन्यात हीच पिशवी घेऊन परत याल.

गाडीत बसल्यावर मुलगा किल्ली फिरवेना. मग मला म्हणाला, "तिथं दारं नाहीत, आई. पडदे आहेत. मी स्वतः बघितलेत आणि मला चांगले वाटले होते, नर्सला पटकन आत जाता येतं म्हणून."

देहूच्या रस्त्याला गाडी वळली नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यानं भोसरीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरला घरी आणलं. संडासात दोन्ही बाजूंना धरायला दांड्या, सीटला उंची, पायाखाली रबर. कडी आतून लागेल आणि वेळ पडली तर बाहेरून नाण्यानं उघडेल अशी. आत एक घंटी. त्या माणसानं भिंतीला ड्रिल लावलं तेव्हा हे पलंगावरून सूचना देत होते, उंची चुकीची धरली, स्क्रू तिरका बसला. स्क्रू सरळच होता.

मी नियम घातला की हे आत असताना कुणी त्या पॅसेजमध्ये फिरकायचं नाही. मुलानं हॉलमध्ये बसायचं, सून बसला गेलेली असते ते बरंच. आणि मी स्वयंपाकघरात मिक्सर लावायचा. शेंगदाण्याचं कूट, चटणी, काहीच नसलं तर नुसतं भांडं फिरवायचं. खालच्या बाईंचा पुन्हा फोन आला, इतक्या सकाळी मिक्सर कशाला. कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हटलं, आमच्याकडे कुटाला फार खप आहे.

औषधानं पहिल्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी हे आत गेले, कडी लागली, मी मिक्सर लावला. मिक्सर तापून आपोआप बंद पडला तरी हे बाहेर येईनात. मुलगा उठायला लागला, त्याला मी डोळ्यांनीच खाली बसवलं. मग फ्लश झाला. हे वॉकर टेकत आले ते एखादा सत्कार घेऊन आल्यासारखे. कुणी काही विचारलं नाही. ह्यांनी स्वतःहून नाश्त्याला काय आहे विचारलं, उपमा आहे म्हटल्यावर कालचा उपमा गुठळ्यांचा होता म्हणाले आणि दोनदा घेतला.

लघवीचा रिपोर्ट आला, त्याप्रमाणे गोळ्या झाल्या. पिशवी परत रंगली नाही. मित्र आला, नाडी सोडली, आतला साधा पिवळा रंग बघून हिरमुसला. मग त्यानंच तोड काढली. सगळा निगाला वाटतं, वहिनी. गुळानं काम केलं. मी त्याला इंडोल, लिव्हर, जॉबवर्क सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना माझ्याकडून गुळाची अर्धी ढेप मागून नेली, म्हणे मीबी तीस वर्षं फवारा मारलाय.

महिना संपला त्या संध्याकाळी मुलगा ह्यांच्या पलंगाशी बसून केंद्राला फोन करून नको म्हणाला. मुद्दाम ह्यांना ऐकू जाईल असा बोलला. हे डोळे मिटून पडले होते. फोन ठेवल्यावर डोळे न उघडता म्हणाले की संडासातली उजवी दांडी जरा हलते, त्या माणसाला परत बोलाव. मुलगा हसत उठला. दांडी हलत नाही, मी बघितली आहे.

मी पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला. खिडकीतून मनीप्लांट मी आधीच उचलून बाहेर ठेवलं होतं. म्हटलं, आता ओतायला जागा नाही, आणि माझे गुडघे वाजतात ते वाजू देत, पाणी टाळलंत तर मीच रिक्षात घालून देहूला सोडून येईन. ह्यांनी माझ्याकडे बघत ग्लास तोंडाला लावला, सगळा रिकामा केला, आणि पाणी कोमट आहे म्हणून तक्रार केली.